एकतीस जानेवारीचे पाणी

आराखड्यातला सातवा नियम आनंदा भोईरने लिहिला होता. "जी नोंद प्रत्यक्ष घेतली नाही, तिची जागा कोरी ठेवावी. अंदाजाने भरू नये." एकूण अकरा नियम होते. बाकीचे दहा आम्ही दोघांनी वाद घालून, खोडून, पुन्हा लिहून तयार केले. सातव्यावर वाद झाला नाही.

कचेरीत मी त्याला भोईर म्हणत असे आणि अहोजाहो करत असे. तो मला हेमाबाई म्हणे. इथे लिहिताना मी आनंदा लिहिते आहे, कारण त्याच्या आईच्या तोंडून ते नाव इतक्या वेळा ऐकले की आता दुसरे सुचत नाही.

खोपटला मिठाची तपासणी करणारी दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. मी डोंबिवलीहून येई, तो खाडीपलीकडून, कळव्याहून, सायकलवर. त्याच्या घरी तीन पिढ्या मिठागरात राबलेल्या. वडील, काळुराम, वारले होते. आई कमळाबाई अजून मिठागरावर जाई. आनंदा त्या गावातला पहिला एम.एस्सी. आमचे काम म्हणजे मिठात ओलावा किती, माती किती, हे मोजायचे. संध्याकाळी पाचनंतर आम्ही समुद्राचा विचार करत असू.

खोल समुद्राचा. मुंबईपासून नैऋत्येला बोटीने दोन दिवस गेले की तळ तीन हजार मीटरच्या खाली जातो. तिथे एक जागा नक्की करायची. दर महिन्याला त्याच जागी बोट न्यायची आणि नऊ वेगवेगळ्या पातळ्यांवरचे तापमान आणि खारटपणा मोजायचा. असे तीस वर्षे. खालच्या पाण्यात बदल होतो तो फार सावकाश, अंशाच्या शंभराव्या भागाने. एकदा जाऊन मोजून आलेल्याला तो दिसत नाही. दहा वर्षे मोजणाऱ्यालाही दिसेलच असे नाही.

यासाठी एक खास तापमापक असतो. तारेला बांधून तो खाली सोडायचा आणि मग त्याच तारेवरून पितळेचे एक लहान वजन सोडायचे. वजन आपटले की तापमापक उलटा होतो, पाऱ्याची रेघ तुटते आणि त्या क्षणाचे तापमान तिथेच राहते. वर येताना पाणी कितीही गरम लागो, आकडा बदलत नाही. त्या वजनाला आनंदा निरोप्या म्हणे. आमच्यापैकी कोणीही असा तापमापक हातात धरलेला नव्हता. फक्त आकृत्या पाहिल्या होत्या.

"पहिली नोंद अठ्ठावन्नच्या जानेवारीत," तो म्हणाला होता. "शेवटची सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात. तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा. तुम्ही?"

"बाईमाणसाला वय विचारत नाहीत."

"मग आराखड्यात काय लिहू? निरीक्षक क्रमांक दोन, वय गुप्त?"

"एकोणसाठ."

"म्हणजे दोघांनाही शिडीवरून बोटीत चढवायला माणसं लागणार. माणसांच्या यादीत दोन हमाल वाढवा."

मी खरोखरच वाढवले. टाइप करताना मग काढून टाकले.

आराखडा आम्ही एका समितीपुढे मांडला. तिचे सचिव वयस्कर होते, सौम्य बोलत. त्यांनी पान अन् पान वाचले होते. ते म्हणाले, "शास्त्र ठीक आहे हो. माणसांचं काय? आपल्याकडे माणूस नवी डायरी आणतो, जानेवारीत लिहितो आणि फेब्रुवारीत तिच्यात पोरं चित्रं काढतात. तुम्ही तीस वर्षांचं बोलताय. मला एक वर्ष दाखवा."

"दाखवतो," आनंदा म्हणाला. "कळव्याच्या खाडीचं पाणी. रोज सकाळी आठ वाजता, एकाच जागेवरून एक बाटली. एक मार्च ते अठ्ठावीस फेब्रुवारी."

"आणि खंड पडला तर?"

"दहा दिवसांहून जास्त कोरे गेले तर आराखडा फेटाळा."

सचिवांनी तसे लिहून घेतले. बाहेर आल्यावर मी म्हटले, "दहा कशाला म्हणालात? तीस म्हणायचं. आजारपण असतं, लग्नकार्य असतं."

"खोल समुद्राला महिनाभर सुट्टी देणार तुम्ही?"

ते १९५६ साल होते. त्याने औषधाच्या तीनशे पासष्ट बाटल्या जमवल्या, रबरी बुचे आणली आणि चार रविवार बसून सगळ्या बाटल्यांवर आधीच चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आणि जागा. रोज घाईत लिहिले की तारीख चुकते, असे त्याचे म्हणणे. बाटल्या ओळीने लाकडी खोक्यांत लावल्या. डावीकडून उजवीकडे एकेक भरत जायचे. बुचावर मेण लावायचे. आठवड्याच्या बाटल्या तो शनिवारी खोपटला आणी आणि मी त्या तपासत असे. वहीत निरीक्षक म्हणून त्याचे नाव होते आणि पर्यायी निरीक्षक म्हणून माझे. त्याला जमले नाही तर मी कळव्याला जायचे, असा तिसरा नियम होता.

जागा होती मिठागराच्या बांधावरची उघाडी, म्हणजे भरतीचे पाणी आत घ्यायचे लाकडी दार. कमळाबाईंना सुरुवातीला हा सगळा प्रकार हास्यास्पद वाटला. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी मला विचारले, "बाय, खारा पानी खाराच हाय ना? रोज चाखून काय कराचा?"

"आये, आज किती खारा, उद्या किती, ते बघायचं," आनंदा म्हणाला.

"ते मी जिभेवर सांगते. तुजी यवरी शाला कशाला?"

पण महिन्याभरात त्या बदलल्या. त्यांच्या लेखी तो मुलाचा नेम झाला. तो आठला पाच मिनिटे कमी असताना चहा पीत बसला की त्या त्याच्या हातातली बशी काढून घेत. पावसाळ्यात बांध निसरडा झाला तेव्हा कंदील धरावा तशी छत्री धरून त्या त्याच्या मागे चालत. तीनशे छत्तीस दिवसांत एकही दिवस कोरा गेला नाही. खाडीचा आलेख मी भिंतीवर लावला होता. दर पंधरवड्याला उधाणाबरोबर एक लाट वर चढे आणि उतरे. पावसाळ्यात सगळी रेघ खाली बसली आणि दिवाळीनंतर हळूहळू वर आली. तो आलेख पाहून आनंदा एकदा म्हणाला, "हे नुसतं आमच्या उघाडीचं. तळाचं कसं असेल?" त्या वेळी मला वाटत होते की ते आम्ही दोघे पाहणार आहोत.

जानेवारीत त्याच्या पायांवर सूज आली. मग चेहऱ्यावर. तो सायकल सोडून पुलावरून चालत येऊ लागला आणि पुलावर दोनदा बसून उठे. एकतीस जानेवारीला, गुरुवारी, त्याला मुंबईच्या इस्पितळात नेले. मूत्रपिंडे निकामी होत होती. मला निरोप मिळाला तो शुक्रवारी दुपारी. मी थेट इस्पितळात गेले.

कमळाबाई खाटेजवळ जमिनीवर बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच आनंदाने मला विचारले, "पाणी?"

शुक्रवारचे आठ कधीच वाजून गेले होते. पर्यायी निरीक्षक मी होते.

कमळाबाई खालूनच म्हणाल्या, "पान्याची कालजी नको. मी बंदोबस्त केलाय."

आनंदाने डोळे मिटले. मला वाटले, शेजारच्या नाथाला किंवा आणखी कोणाला सांगून आल्या असतील. कोण भरते, किती वाजता भरते, हे मी विचारले नाही. खोटे कशाला सांगू, मला सुटल्यासारखे झाले. रोज सकाळी कळव्याला जाण्याऐवजी मला रोज इथे येता येणार होते. विज्ञान शिकलेल्या माणसाने विचारायचा पहिला प्रश्न मी बारा दिवस विचारला नाही.

त्या बारा दिवसांत तो बऱ्याचदा शुद्धीवर असे. परिचारिका ताप पाहायला आली की तिच्या हातातल्या तापमापकाकडे बोट करून म्हणे, "हाही आपल्या उलट्या तापमापकासारखाच. झटकल्याशिवाय विसरत नाही." मग मला म्हणे, "आठव्या नियमात बोटीचं नाव मोकळं ठेवा. बोटी बदलतील. जागा बदलू नका."

"तुम्ही स्वतःच या आणि दुरुस्ती करा."

"तुम्ही लिहा. तुमचं अक्षर बरं आहे."

अकरा फेब्रुवारीला संध्याकाळी त्याने पुन्हा विचारले, "खंड नाही ना?"

"नाही," मी म्हटले. "चालू आहे."

"मग सतरा राहिल्या."

माझ्या हिशोबानेही सतराच राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

पंचवीस तारखेला, तेरावे होऊन गेल्यावर, मी कळव्याला गेले. घरात बायका होत्या. कमळाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी कोणाशी बोलत नसल्यासारखे बोट दाखवले आणि मी शेवटचे खोके उचलले. ते भरलेले होते, जड होते. पुलापर्यंत ते माझ्या कडेवर होते आणि बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या.

खोपटला त्या दिवशी सगळे लवकर गेले होते. मी ब्युरेट, ती मापाची काचेची नळी, धुतले, सिल्व्हर नायट्रेट भरले आणि सत्तावीस जानेवारीपासून सुरुवात केली. क्रोमेट घालून पिवळे केलेले पाणी हलवत राहायचे आणि ते विटकरी होताच थांबायचे; जितके द्रावण लागले, तितका खारटपणा. सत्तावीस, १८.३१. अठ्ठावीस, १८.४०. एकोणतीस, १८.४७. तीस, १८.५५. अमावास्येचे उधाण होते, आकडे चढायलाच हवे होते. एकतीस जानेवारी, १८.६२. एक फेब्रुवारी, १८.६२. दोन, १८.६२. तीन, १८.६१. चार, १८.६२.

मला वाटले माझा हात चुकतो आहे. द्रावण पुन्हा प्रमाणित केले. ब्युरेट बदलले. पाच, १८.६२. सहा, १८.६२. सात फेब्रुवारीला भांग होती, म्हणजे भरती-ओहोटीत फरक सगळ्यांत कमी. त्या दिवशी आकडा खाली यायलाच हवा. सात, १८.६२.

मग मी बाटल्या ओळीने टेबलावर मांडल्या. सगळ्यांवर त्याचे अक्षर होते. सगळ्या एकाच उंचीपर्यंत भरलेल्या होत्या. सगळ्यांच्या मेणाचा रंग एक होता. ओळ उजवीकडे अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत गेली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात पंचवीस तारीख होती.

सव्वीसला सकाळी आठला मी कळव्याच्या बांधावर होते. माझ्याजवळ नवी बाटली होती, चिठ्ठीवर माझे अक्षर. पर्यायी निरीक्षक म्हणून मी पहिल्यांदा तिथे उभी होते. मी वाकून बाटली बुडवत होते तेव्हा कमळाबाई मागून आल्या.

"बाय, आजची भरलेली हाय ना. मीच भरलीय."

"कधी भरलीत, कमळाबाई?"

"त्याला नेला त्या दिवशी. गारी दारात उभी होती. म्हटला, आता मी तिकरं ऱ्हानार, हितं कोन हाय? नाथाला सांगितला असता, पन नाथाचा काय भरवसा, तो झोपून ऱ्हातो." त्या बांधावर बसल्या. "अवसेचा उधान होता. उधानाचा पानी आमी आत घेताव, उघारी बंद करताव, तो पंधरा दिस पुरतो. त्यावरच मीठ पिकतो. मंग बाटलीला नाय का पुरनार? पुनवंपर्यंतच्या भरल्या."

"आणि पुनवेच्या पुढच्या?"

खाडीत पाणी हलत होते. मग त्या म्हणाल्या, "पुनवंला मी परत येनारच होती, त्याला घेऊन. त्या रिकाम्याच ठेवनार होती. पन खोका झाकाया गेली नि बघितला, चवदा बाटल्या रिकाम्या. त्यांच्यावर त्याच्या हातचा लिवलेला. मना वाचता येत नाय, पन तो दिस हाय येवरा कलतो ना. रिकामा दिस कसा ठेवू, बाय? सगल्या भरल्या. एक पन रिकामी ठेवली नाय."

मी बाटलीचे बूच लावत होते. ते नीट बसत नव्हते.

"खंड नाय ना परला?" त्यांनी विचारले.

"नाही, कमळाबाई," मी म्हटले. "खंड नाही पडला."

त्यांनी मान हलवली आणि पदराने माझ्या बाटलीवरचे ओघळलेले पाणी पुसले.

सत्तावीस आणि अठ्ठावीसलाही मी गेले. त्या तीन बाटल्या खऱ्या होत्या. एकतीस जानेवारीची खरी होती. मधले पंचवीस दिवस, एक ते पंचवीस फेब्रुवारी, गेले होते.

ते पंचवीस आकडे मी तयार करू शकत होते. अकरा महिन्यांचा आलेख भिंतीवर होता, तिथी माहीत होत्या, थंडीतल्या खाडीचा चढउतार मला पाठ होता. एका रविवारी डोंबिवलीच्या घरी बसून मी ते केलेसुद्धा. पौर्णिमेला थोडे वर, भांगेला खाली, एखादा दिवस उगाच वाकडा, कारण खरे पाणी कधी इतके शहाणे नसते. आकडे चांगले झाले होते. जगातल्या कोणत्याही तज्ज्ञाला ते ओळखता आले नसते. कागद मी समोर ठेवला आणि बराच वेळ पाहत बसले. एका बाजूला पंचवीस ओळी होत्या. दुसऱ्या बाजूला तीस वर्षे, एक बोट, तीन हजार मीटर पाणी आणि तारेवरून घसरत जाणारा निरोप्या. आनंदाने आयुष्यात दुसरे काही मागितले नव्हते. त्याची आईही हेच करून बसली होती आणि तिला पाप वाटले नव्हते.

फरक इतकाच होता की तिला ठाऊक नव्हते आणि मला ठाऊक होते.

मी कागद फाडला. वहीत एकतीस जानेवारीच्या ओळीत लिहिले: १८.६२. निरीक्षक, कमळाबाई काळुराम भोईर. खालच्या पंचवीस ओळी कोऱ्या ठेवल्या. शेरा लिहिला: निरीक्षक आजारी, नंतर मृत्यू. पर्यायी निरीक्षक गैरहजर. त्या शेवटच्या तीन शब्दांना मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

समितीचे पत्र जूनमध्ये आले. सचिवांनी स्वतः लिहिले होते. त्यांना फार वाईट वाटले होते, ते पत्रात दिसत होते. कोऱ्या ओळींच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांनी एक वाक्य लिहिले होते. पण अट दहा दिवसांची होती आणि ती अट भोईर यांनी स्वतःच घातली होती. आराखडा दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

मी कळव्याला गेले. पाऊस थांबला होता. कमळाबाईंनी रिकाम्या झालेल्या बाटल्या, मी वेळोवेळी परत पाठवलेल्या, धुऊन ओटीवर उपड्या घातल्या होत्या. दोनशे तरी असतील. जुन्या चिठ्ठ्या भिजवून काढल्या होत्या.

"पुढल्या वरसाच्या चिठ्ठ्या कोन लिवनार?" त्यांनी विचारले. "तीस वरसां बोलला होता ना तो."

मी त्यांना सांगितले की ते काम होणार नाही.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मिठागरात चाळीस वर्षे काढलेल्या बाईचे डोळे चुरचुरून लालच असतात, त्यामुळे रडण्याचे त्यांच्यात वेगळे काही दिसत नाही. "मी काय चुकली का, बाय?"

"नाही. त्यांच्याकडे बोट नाही."

"बोट नाय?"

"एवढ्या लांब जाणारी नाही."

"आमच्या नाथाची हाय," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाच ते कसे वाटले कोण जाणे, त्या थोड्या हसल्या. मग एकेक बाटली उचलून पुन्हा खोक्यात ठेवू लागल्या. मीही ठेवू लागले.

वहीत मी एकही खोटा आकडा लिहिला नाही. पण मरणाऱ्या माणसाला मी 'चालू आहे' म्हटले, आणि त्याच्या आईला दोनदा खोटे सांगितले. सातवा नियम तोंडी उत्तरांना लागू आहे की नाही, हे आता विचारायला कोणी नाही.

कमळाबाईंनी भरलेल्या त्या एकोणतीस बाटल्यांपैकी अठ्ठावीस मी तपासल्या. सगळ्या एकाच सकाळच्या होत्या, म्हणून त्या एका नोंदीच्या अठ्ठावीस मोजण्या झाल्या. एकाच पाण्याच्या इतक्या मोजण्या सहसा कोणी करत नाही, वेळ नसतो. सरासरी १८.६१८, चूक तिसऱ्या दशांशात. कळव्याच्या उघाडीवर, एकतीस जानेवारी १९५७ला सकाळी, गाडी दारात उभी असताना, आनंदा घरात असताना, खाडीचे पाणी किती खारट होते, हे मला इतक्या अचूकपणे माहीत आहे. दुसऱ्या कुठल्याच दिवसाचे नाही. तळाचे तर नाहीच.

एकोणतिसावी बाटली अठ्ठावीस फेब्रुवारीची. तिचे मेण मी फोडलेले नाही. चिठ्ठीवर त्याचे अक्षर आहे.